विषय नव्हे, प्रश्न निवडा!

शोधनिबंधासाठी विषय मिळत नाही, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. वास्तविक अडचण निराळीच असते. विषय मिळालेला असतो, प्रश्न सापडलेला नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्याने पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांना पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय दिला. त्यामुळे हा पेच आता पदवीच्या वर्गांपर्यंत पोहोचला आहे.

‘मुंबईतील गिरणी कामगार’ हा विषय घ्या. दीडशेहून अधिक वर्षांचा हा इतिहास एका निबंधात मावणे अशक्य. त्याला काळाची मर्यादा घातली, की १९८२ चा संप हाती लागतो. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. परंतु त्यावर विपुल लेखन झाले आहे. तेव्हा आणखी एक पायरी उतरावी. संप कोणाच्या नजरेतून पाहायचा?

गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळी गिरणगावातील अनेक महिला चालवीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशा महिलांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ‘संपकाळात लालबाग-परळमधील खाणावळवाल्या महिलांनी थकलेली उधारी आणि घरखर्च यांचा मेळ कसा घातला?’ हा झाला प्रश्न. स्थळ, काळ, माणसे आणि शोधायची गोष्ट हे चारही घटक त्यात आहेत. ‘संपाने या महिला उद्‌ध्वस्त झाल्या’ हा मात्र प्रश्न नव्हे. तो शोधापूर्वीच काढलेला निष्कर्ष होय.

यानंतर पुराव्यांची चाचणी घ्यावी. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पूर्वीचे प्रबंध पाहावेत, ग्रंथालयात त्या काळातील वृत्तपत्रे चाळावीत, दोन-तीन महिलांशी प्रत्यक्ष बोलावे. जुन्या वह्या मिळाल्या नाहीत, तर हिशेबाऐवजी आठवणींवर भर देऊन प्रश्न वळवावा. असा बदल म्हणजे अपयश नव्हे. तो पहिल्या महिन्यात व्हावा, शेवटच्या नव्हे.

विलंबाची किंमत केवळ गुणांत मोजता येत नाही. १९८२ मध्ये तिशीत असलेली खाणावळवाली आज सत्तरीपार गेली आहे. प्रश्न वेळेत सापडला, तरच तिचे उत्तर ऐकता येईल.