तेलाचा थर आणि धक्का

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथील पाणचक्कीचें मर्म तेथें जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. डोंगरांतील झऱ्याचें पाणी भूमिगत नळांतून आणून त्याच्या जोरावर जातें फिरविलें जाई. तेथें द्रव यंत्राला गति देई. परंतु फिरत्या यंत्राला सांभाळून धरण्याचें कामहि द्रव करूं शकतो, ही गोष्ट तितकीशी परिचित नाहीं. घरच्या संगणकांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर तिच्या पोटांत हें काम नित्य चाललेलें असतें.

ही तबकडी बहुधा मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. पूर्वी तिचा आंस पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरे. गोळीचा स्पर्श जवळजवळ एका बिंदूपुरता असतो. त्यामुळें यंत्र हातांतून निसटलें कीं सारा आघात त्या बिंदूवर येई, पोलादांत सूक्ष्म खळगा पडे आणि पुढें गोळी त्यांत अडखळून खरखर वाढे. सन २००० नंतरच्या कांहीं वर्षांत गोळ्यांची जागा तेलानें घेतली.

तेलाचें हें सामर्थ्य योगायोगानें उघडकीस आलें. १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत बीचम टॉवर हे आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत असतां, भोकांत ठोकलेली लांकडी खुंटी आंतील तेलानें बाहेर ढकलली. फिरता आंस तेलाला अरुंद फटींत ओढून नेतो व तेथें दाब उत्पन्न होतो, याचें गणित ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं १८८६ सालीं मांडलें. डिस्कच्या बेअरिंगमध्यें कोरलेल्या बारीक खाचा हाच दाब वाढवितात.

धक्का बसतांच आंस एका बाजूस सरकतो. तेथील फट जसजशी चिंचोळी होते, तसतसा तेलाचा प्रतिकार वाढतो. भार बिंदूवर न पडतां सबंध पृष्ठभागावर विभागला जातो, आणि तेल पिळून निघतांना आघाताची शक्ति उष्णतेंत जिरते.

तरीहि या आधारास मर्यादा आहे. उष्णतेनें तेल पातळ झालें कीं आधार सैल होतो. आघात फारच मोठा असला तर धातूला धातू भिडतो. शिवाय अक्षरें वाचणारें नाजूक शीर्ष तबकडीपासून केवळ कांहीं नॅनोमीटरांवर तरंगत असतें. आंस वांचला तरी तें आपटून तबकडीस ओरखडा पडतो, आणि घरचीं जुनीं छायाचित्रें कायमचीं हरपतात. म्हणून डिस्क फिरत असतां हलवूं नये, ती पूर्ण थांबल्यावरच उचलावी, आणि महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. तेल आंसाला सांभाळतें; आठवणींना सांभाळणें हें घरच्यांचेंच काम होय.