बासरीने ओठ चुरचुरतात तेव्हा

बासरी वाजवल्यावर ओठांभोवती, हनुवटीवर किंवा बोटांवर खाज, लाली, पुरळ येत असेल, तर कारण लाकडात असू शकते. शिसवाच्या कुळातील लाकडांत डालबर्जिओन नावाची रसायने असतात. लाळ आणि घाम यांमुळे ती त्वचेत शिरतात. एकदा शरीराने त्यांना शत्रू ठरवले की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी पुरळ उठते. या उशिरामुळेच संशय बासरीवर चटकन जात नाही.

सागाच्या भुशानेही सुतारांना असा त्रास होतो. निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावे. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या 48 तास लावून ते तपासतात.

आपली बासरी मुळात बांबूची, म्हणजे शिसवापासून दूरची. तिनेही त्रास झाला, तर आधी वॉर्निश, आत लावलेले तेल किंवा लिपबाम तपासा. निव्वळ लाळ आणि घर्षणानेही कातडी सोलते.

काही आठवडे वादन थांबवून पाहा. पुरळ जाऊन वाजवल्यावर परत आले, तर संशय बळावतो. लाकडावर वॉर्निश चढवणे हा कच्चा उपाय, कारण ते झिजते. मेपल किंवा प्लॅस्टिकचे वाद्य घेणे अधिक भरवशाचे. ओठांवर स्टेरॉइड मलम मात्र मनाने लावू नका. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना गाठा.