किराणा दुकानातली औषधं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘तापाच्या गोळीला कसला आलाय परवाना?’ गावाकडचे दुकानदार असं अगदी सहज म्हणतात. परवाना लागतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात विनापरवाना विक्रीला किमान तीन वर्षं कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. हजारापर्यंत वस्तीच्या गावाला सवलत आहे. पण ती पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर अशा मोजक्या घरगुती औषधांपुरती. तीही परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडून घेतलेली आणि मूळ, न फोडलेल्या पाकिटात हवीत. आठवडी बाजारात फिरत्या माणसाकडून बिलाशिवाय घेतलेला माल या सवलतीत बसत नाही.

‘पाकिटावर कंपनीचं नाव आहे, मग माल चांगलाच.’ हा समज सगळ्यांत घातक. औषधातला दोष डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. कारखान्यात वापरायचं हे रसायन मूत्रपिंडं निकामी करतं. कंपनीकडे परवाना होता, तरीही हे घडलं. मग बिलाचा काय उपयोग? उपयोग असा, की अहवाल येताच महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एसआर-१३’ या बॅचची विक्री थांबवायला सांगितलं. ज्याच्याकडे बिलं होती, त्याला आपल्याकडे ती बॅच आली का, हे लगेच पाहता आलं. बिलाशिवाय घेणाऱ्याने कशात पाहायचं? आणि त्याने ती बाटली कुणाच्या लेकराला दिली, हे कोण सांगणार?

म्हणूनच चार गोळ्या कापून देणंही साधी गोष्ट नाही. बॅच नंबर आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर राहते. गिऱ्हाईक नाव-गाव नसलेल्या गोळ्या घेऊन घरी जातं. औषध कुणाकडून घेतलं, असं औषध निरीक्षकाने विचारल्यावर दुकानदाराला सांगता आलं नाही, तर तो वेगळा गुन्हा होतो.

‘जडीबुटीच आहे, अपाय काय होणार?’ आयुर्वेदिक औषध विकायला परवाना लागत नाही हे खरं, पण बनवणाऱ्याला लागतो आणि त्याचा क्रमांक वेष्टनावर असावा लागतो. सांधेदुखीवर ताबडतोब उतारा देणाऱ्या बेनामी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सवय झाल्यावर पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

बेनामी पुडीच नव्हे, ओळखीची गोळीही अपाय करू शकते. पावसाळ्यात तापाबरोबर अंगदुखी असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. डेंग्यू असल्यास त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

‘गावात मेडिकल नाही, रात्री-अपरात्री लोकांनी जायचं कुठं?’ हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि अडल्या वेळी गोळी देणाऱ्या दुकानदाराच्या मनात पाप नसतं. आशाताईंकडे पॅरासिटामॉल आणि ओआरएस असतं, उपकेंद्रात औषधं मोफत मिळतात. हे गिऱ्हाइकाला सांगावं. मोठ्या गावातल्या दुकानदारासाठी कायद्यात मर्यादित परवान्याची सोय आहे. त्याला फार्मासिस्ट ठेवावा लागत नाही. ज्या औषधांना फार्मासिस्टची देखरेख लागत नाही, तेवढीच मूळ वेष्टनात विकता येतात. अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा. संशयास्पद माल घेऊन कुणी दुकानात आला, तर त्याच प्रशासनाला १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावं.