पोवळ्यांची टाकी : पाणी हलते हवे, खत थोडेच हवे



पोवळे म्हणजे दगड नव्हे. झाडही नव्हे. पोवळे हा प्राणी आहे. पुस्तकात त्याला प्रवाळ म्हणतात. एका पोवळ्यात खूप लहान लहान प्राणी दाटीवाटीने राहतात. प्रत्येकाला एक तोंड असते आणि तोंडाभोवती बारीक बोटे असतात. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन ते आपल्याखाली घर बांधतात. घरावर घर चढून प्रवाळाचा खडक होतो. त्यांच्या अंगात अगदी सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि पोवळ्याला देते. म्हणून पोवळ्याला उजेड लागतो.

माझा मामा दुबईत कामाला आहे. तिथे काही लोक काचेच्या टाकीत मासे आणि जिवंत पोवळी ठेवतात. त्या टाक्या सांभाळायचे मामाचे काम आहे. एका ऑफिसातली टाकी त्याच्याकडे आली तेव्हा ती हिरवीगार झाली होती. काचेवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, आणि पोवळी आखडून बसलेली. मालक म्हणाला, दोन महिन्यांत सुधारली नाही तर टाकी मोडून टाकू. आता जिवंत पोवळी कुठे ठेवणार? ती मेलीच असती. मग मामाने काय काय केले ते मी फोनवर विचारून विचारून वहीत लिहून घेतले. तेच इथे सांगते.

पाणी हलते का हवे?

माशाला भूक लागली की तो पोहत जातो. पोवळे जागेवरच बसलेले असते. म्हणून खाणे त्याच्याकडे यावे लागते, प्राणवायू त्याच्याकडे यावा लागतो आणि त्याची घाण त्याच्यापासून लांब जावी लागते. ही तिन्ही कामे पाणीच करते. पाणी थांबले तर पोवळ्याच्या अंगाला पाण्याचा एक थर चिकटून बसतो, दुधावर साय बसते ना, तसा. तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्यामुळे बाहेरचा प्राणवायू नीट आत येत नाही आणि आतली घाण नीट बाहेर जात नाही. पाणी हलले की तो थर पातळ होतो.

मामाची टाकी ४०० लिटरची आहे. तिच्यात एकच पंप होता. तो तासाला २,००० लिटर पाणी फिरवायचा, म्हणजे टाकीच्या ५ पट. मामाने आणखी दोन पंप लावले. आता तासाला ८,००० लिटर पाणी फिरते. ८,००० भागिले ४०० म्हणजे २० पट. हा भागाकार मी पाटीवर करून बघितला, बरोबर आला.

पण पंपाची धार सरळ पोवळ्यावर सोडायची नाही. तशाने त्याचे मऊ अंग खरवडून निघते. मामाने दोन पंप समोरासमोर लावले. दोन्हीकडची धार मध्ये आपटते आणि पाणी लाटेसारखे इकडेतिकडे होते. दगडांच्या मागे जिथे पाणी थांबते तिथे उरलेले खाणे जमते आणि कुजते. असे कोपरे शोधायला मामा पाण्यात थोडे खाणे सोडतो आणि ते कुठे जाऊन बसते ते बघतो. तिथे पंपाचे तोंड फिरवतो.

हे आजीला सांगितले तर ती म्हणाली, "व्हावता पाणी चांगला, साठलला पाणी कुसता. ह्या आमका ठावक आसा."

फॉस्फेट म्हणजे काय?

आमच्या खळ्यात डी.ए.पी. खताची गोण आहे. तिच्यावर १८-४६-० असे लिहिलेले आहे. गुरुजी म्हणाले, त्यातला ४६ हा आकडा फॉस्फेटचा. फॉस्फेटमुळे झाडाची मुळे चांगली वाढतात. मग टाकीत खत कोणी टाकले? कोणीच नाही. माशांच्या खाण्यात फॉस्फेट असते. मासे खातात, शी करतात. उरलेले खाणे कुजते. नळाच्या पाण्यातूनही थोडे येते. समुद्रात ते केवढ्यातरी पाण्यात पसरते. टाकीत जाणार कुठे? ते साठत जाते.

शेवाळ म्हणजे एक प्रकारची वनस्पतीच. तिला खत मिळाले की ती फोफावते आणि पोवळ्यांना झाकून टाकते. शिवाय फॉस्फेट जास्त झाले की पोवळ्याला चुन्याचे घर बांधणे जड जाते. म्हणजे शेतात जे चांगले तेच पोवळ्यांच्या टाकीत वाईट. पण अगदी शून्य केले तरी चालत नाही. पोवळ्याच्या अंगातल्या शेवाळालाही थोडे फॉस्फेट लागते. नाही मिळाले तर पोवळे फिकट पडते.

मोजायचे कसे? टाकीतले थोडे पाणी लहान बाटलीत घ्यायचे आणि त्यात औषध घालायचे. पाणी निळे होते. जितके गडद निळे तितके फॉस्फेट जास्त. मामाच्या टाकीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम निघाले. त्याला ते ०.१ च्या खाली आणायचे होते.

मामाने केलेले उपाय

१. माशांचे खाणे निम्मे केले. बर्फात ठेवलेले खाणे असते, त्याचे वितळलेले पाणी तो टाकीत ओतत नाही.
२. दर आठवड्याला ४० लिटर पाणी काढून नवे घातले. नवे पाणी गाळून अगदी शुद्ध केलेले असते. त्यात समुद्राचे मीठ लिटरला ३५ ग्रॅम घालतात.
३. टाकीखालच्या लहान टाकीत मुद्दाम शेवाळ वाढवले. ते फॉस्फेट खाते. वाढले की उपटून टाकायचे. फॉस्फेटही त्याच्याबरोबर बाहेर जाते.
४. लोखंडाच्या गंजापासून केलेले दाणे असतात. ते फॉस्फेट धरून ठेवतात. ते त्याने अगदी थोडे वापरले, कारण फॉस्फेट एकदम उतरले तर पोवळ्यांना सोसत नाही.

पहिले दोन आठवडे आकडा हललाच नाही. मामा घाबरला. कारण असे की दगड आणि वाळू यांनी आधीचे फॉस्फेट शोषून ठेवलेले असते. पाण्यातले कमी झाले की ते परत पाण्यात सोडतात. मग हळूहळू आकडा उतरला. दोन महिने झाले तेव्हा ०.०८ आला. मागच्या काचेवर शेवाळ अजून होते, पण पोवळ्यांनी बोटे बाहेर काढली होती. मालकाने टाकी ठेवली.

आमचा प्रयोग

गुरुजींनी आम्हांला दोन काचेच्या बाटल्यांत तळीचे पाणी भरायला सांगितले. एकीत डी.ए.पी.चा एकच दाणा टाकला. दोन्ही व्हरांड्यात उन्हात ठेवल्या. दोन आठवड्यांनी दाणा टाकलेली बाटली हिरवी झाली. दुसरी जवळजवळ तशीच राहिली. एका दाण्याने एवढे होते!

आपला समुद्र

ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ साली प्रवाळांचे मोठे मत्स्यालय उघडले. त्यात २५ लाख लिटर पाणी होते, लाटा करायचे यंत्र होते आणि पाणी शुद्ध करायला शेवाळ वाढवले होते. त्याच साली आपल्या मालवणला सागरी अभयारण्य झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात जिवंत पोवळी आहेत. तिथे लाटा समुद्रच करतो. पंपही नको आणि वीजही नको.

मामाने पोवळी वाचवली कारण त्याची टाकी ४०० लिटरची होती. समुद्राचे पाणी बदलता येत नाही. आपल्या शेतात घातलेले खत मोठ्या पावसात व्हाळात जाते, व्हाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. म्हणून मुसळधार पाऊस येणार असेल तेव्हा खत टाकू नये, आणि लागेल तेवढेच टाकावे. खत फुकट जात नाही आणि समुद्रही हिरवा होत नाही. मी हे बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "ह्या वर्षी आकाश बघून घालू."

आणखी एक. समुद्रातले खडकाळ पोवळे तोडणे किंवा विकणे हा २००१ सालापासून कायद्याने गुन्हा आहे. कोणी पाहुण्यांना दाखवायला तोडून आणत असेल तर त्याला सांगा, हा दगड नव्हे, हा जिवंत आहे.

– इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ७