आबांचा कोयता पाजळताना

दिवाळीच्या सुट्टीत घरी, नांदगावकडे गेलो होतो. निघायच्या दिवशी आजीने आढ्याला खोचलेला कोयता काढून माझ्यापुढे ठेवला. "तू मेकॅनिकलला हायेस ना? मंग एवढा पाजळून आण. आबांचा हाये." पात्यावर गंज, मूठ खिळखिळी, धार तर नावालाही नाही. याच कोयत्यावर आबा-आजी ऊसतोडीला जायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : ऊसतोडीच्या हिशोबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचलसुद्धा कोयत्यावर ठरते. तेव्हा माझ्या हातात नुसतं लोखंड नव्हतं.

गोणपाटात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला. द्वारकेला एसटीतून उतरलो तेव्हा छातीत धडधडत होतं. निव्वळ शेतीसाठी बनवलेलं अवजार १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र धरत नाहीत, हे खरं. पण 'कोयता गँग'च्या इतक्या बातम्या आल्यावर चौकातल्या पोलिसाला हे समजावत कोण बसणार? सरांना आधीच विचारून ठेवलं होतं. रूमवर न नेता कोयता थेट वर्कशॉपच्या कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी बेंच ग्राइंडर चालू केला. मस्त ठिणग्या उडाल्या, धार चकाकली, आणि त्या चकाकीत बोटभर लांबीचा सुंदर निळा पट्टा उमटला. मित्रांनो, तो पट्टा म्हणजे माझा मूर्खपणा.

गावाकडचा लोहार कोयत्याला 'पाणी देतो', म्हणजे धारेची बाजू लालबुंद करून पाण्यात बुडवतो. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि मार्टेन्साइट तयार होतं : अतिशय कडक, पण काचेसारखं ठिसूळ. मग पाठीकडची शिल्लक उष्णता धारेकडे सरकू देतात, रंग बघतात, आणि हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. आपण ज्याला टेम्परिंग म्हणून परीक्षेत पाच मार्कांना लिहितो, ते हेच. फिकट पिवळा म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या. धार पातळ असते, उष्णता पसरायला तिथे धातूच नसतो. म्हणून ग्राइंडरवर दोन सेकंद जास्त टेकवलं की पाणी उतरलंच. निळा रंग पॉलिश पेपरने जातो, गेलेला कडकपणा परत येत नाही.

संध्याकाळी द्वारकेच्या एका शहाळीवाल्या चाचांना मोबाईलवर फोटो दाखवला. दिवसभर कोयता चालवणारा दुसरा कोण माझ्या ओळखीचा? ते हसले. "मशीनला लावला ना? पाणी उतरवलं तुम्ही त्याचं. आता कानस घ्या, अन् चांगलं लोखंड लागेपर्यंत घासा."

चांगलं लोखंड लागलं हे कसं कळणार? कानशीवरूनच. कानस कोयत्यापेक्षा बरीच कडक असते. मऊ जागी ती कचकन चावते, पाणी असलेल्या जागी थोडी निसटते, आवाजही बारीक होतो. रॉकवेल टेस्टर नसला तरी चालतं. कोयता व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरला. कानशीला मूठ पाहिजेच, नाहीतर तिचं शेपूट तळहातात घुसतं. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची. मागे-पुढे घासलं तर तिचेच दात जातात. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी निळ्या पट्ट्याच्या जागी कानस निसटायला लागली, तेव्हा हायसं वाटलं.

कोन एका बाजूने वीस-पंचवीस अंश ठेवला. वस्तऱ्यासारखी धार कोयत्याला नको. ऊस अगदी जमिनीलगत तोडतात, कारण बुडख्याकडे साखर जास्त. त्यामुळे पातं मातीत, खड्यावर आपटतंच. पातळ धारेचे लगेच दात पडतात. शेवटी कार्बोरंडमच्या दगडावर पाणी टाकून दोन्हीकडून आलटून-पालटून घासला, धारेवर आलेली बर निघेपर्यंत.

लाल गंज रॉकेल आणि तारेच्या चोथ्याने काढला. खालचा काळा थर मात्र ठेवला. तो लाल गंजासारखा पोपडे धरून पातं खात नाही, शिवाय आबांच्या हाताखालचा आहे. चकचकीत करायचा मोह टाळा. वापरून झाल्यावर धुऊन, कोरडा करून तेलाचं फडकं फिरवायचं. गोणपाटात कायमचा ठेवू नका, ते ओल धरतं.

मूठ सैल झाली की लोक ती पाण्यात भिजत घालतात. लाकूड फुगून घट्ट बसतं खरं, पण फुगताना लोखंडाच्या कड्यात दबून चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होतं. मी बाभळीची पातळ पाचर ठोकली आणि जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवलं. जवसाचं तेल वाळून घट्ट होतं, खोबरेल नुसतं चिकट राहतं.

संक्रांतीला कोयता घरी नेला. आजीने धारेवर आडवा अंगठा फिरवला, पातं उजेडात धरून बघितलं. जिथे निळा पट्टा होता, नेमकं तिथेच तिचं बोट थांबलं.

"हितं सूतभर खाल्लास की रं."

मी सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. अंगणातल्या शेवग्याची फांदी एका घावात उतरवून तिने शेळीपुढे टाकली आणि कोयता परत आढ्याला खोचला.