पांढुर्णा ते न्यूयॉर्क : अंतर आणि वेळ

जवळचा विमानतळ नागपूरचा, म्हणजे सोनेगाव. पांढुर्ण्याहून सुमारे 100 किलोमीटर. सौंसरहून निघालात तरी वाट सावनेरलाच मिळते.

नागपूर–न्यूयॉर्क हवाई अंतर : पृथ्वीच्या गोलाईवरून मोजल्यास सुमारे 12,600 किलोमीटर. थेट विमान नाही.

दोहामार्गे : नागपूर–दोहा सुमारे 2,840 किलोमीटर, अंदाजे साडेचार तास. पुढे दोहा–न्यूयॉर्क सुमारे 10,770 किलोमीटर, जवळपास 14 तास. वळसा 1,000 किलोमीटरचा; पण वेळ खरा खातो तो दोह्यातला थांबा. म्हणून तिकीट काढताना भाड्याइतकेच थांब्याचे तास पाहावेत, घरची वडीलधारी मंडळी एकटी निघणार असतील तर आवर्जून.

परतीला वेळ कमी का? वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. येताना ते विमानाला पाठीमागून रेटतात, जाताना समोरून अडवतात. न्यूयॉर्क–दोहा टप्प्यावर त्यामुळे तास-दीड तास वाचतो.

घड्याळ : तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे.