शब्दांची कुळे : लेखांक नववा — पाव

मालाडच्या बाजारात एखादे गिऱ्हाईक पावकिलो खारी, लादीभर पाव आणि दिल्या पैशांची पावती एका दमात मागते, तेव्हा आपण तीन निरनिराळ्या कुळांतील शब्द एका पंगतीस बसविले याची त्यास वार्ताही नसते; आणि नसावी हेच बरे, कारण व्युत्पत्तीचा विचार करीत उभे राहणाऱ्यास मागची रांग फार काळ सहन करणार नाही.

यांपैकी मापाचा पाव हा संस्कृत ‘पादा’चा वंशज. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, या हिशेबाने श्लोकाच्या चरणापासून धान्याच्या शेरापर्यंत पादाची सत्ता चालली. पुढे प्राकृतात मधल्या ‘द’चा लोप होऊन चालण्याचा ‘पाय’ आणि मोजण्याचा ‘पाव’ असे दोन सख्खे भाऊ मराठीत नांदू लागले. ‘सपादा’चा सव्वा, ‘पादोना’चा पाऊण आणि चार आण्यांची पावली हीदेखील त्याच घरची मंडळी होत. पावतीचे गोत्र मात्र ‘प्राप्’ धातूचे: नवसाला देव पावतो तो आणि रक्कम पावल्याचा दाखला कारकून देतो ती, दोन्ही क्रिया एकच.

बेकरीतल्या पावाचा इतिहास याहून खारट वाऱ्याचा आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर साष्टी बेटही पोर्तुगीजांच्या हवाली केले, आणि मराठ्यांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेपर्यंत मालाड, मार्वे, मढ हा सारा मुलूख त्यांच्या अमलाखाली राहिला. एरंगळच्या किनाऱ्यावरील सेंट बोनाव्हेंचरचे देऊळ, जेथे दर जानेवारीस जत्रा भरते, ते त्याच राजवटीची खूण. या राज्यकर्त्यांच्या भाषेत भाजलेल्या रोटीस ‘पांव’ म्हणत, जो लॅटिन ‘पानिस’चा नातू. त्यातील नासिक्य उच्चार मराठीने सोडला. परंतु १५४३ मध्ये पोर्तुगीज जेथे पोहोचले त्या जपानात ‘पान’ आणि सिंहलीतही ‘पान्’ म्हणताना तो ‘न’ होऊन टिकला. गोव्यात तर भाजणाराही ‘पोदेर’, म्हणजे पोर्तुगीज ‘पादेइरु’च.

तेव्हा लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, किंवा पीठ पायांनी तुडवीत म्हणून पाव, या लोकप्रिय उपपत्ती निकालात काढाव्या लागतात. दुसरीने तर कित्येक पिढ्यांच्या सोवळ्याची निष्कारण सोय केली! गंमत अशी की आपल्या पादाचे आप्त पोर्तुगीजांच्या घरात खरोखरच आहेत, मात्र ते भटारखान्यात नसून जोड्यात आहेत: पायास ते ‘पे’ म्हणतात, आणि फारसी ‘पा’, जो आपल्या पायजम्यात शिरला आहे, तोही याच आर्य-युरोपीय मुळाचा.

याउलट मलायात वाफेवर शिजविलेल्या, सारण भरलेल्या उंड्यास ‘पाउ’ म्हणतात, आणि १५११ पासून मलाक्का पोर्तुगीजांकडे होते हे स्मरून त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा मोह अनावर होतो. पण तो शब्द हॉकिएन चिन्यांचा असून त्याचा अर्थ गुंडाळणे असा आहे. भाजलेल्या पावास तेथील माणूस हिंदुस्थानातून गेलेला शब्द वापरतो, ‘रोटी’.